देवळामागचा डोंगर आणि व्हॉट्सॲपवरची पाच वाक्यं

उत्तर गोव्यातल्या एका गावातलं प्रकरण आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही, गाव छोटं आहे आणि वकिलाची नोटीस अजून मिटलेली नाही. बाकी सगळं झालं तसं लिहितो, कारण असली प्रकरणं हल्ली वाड्यावाड्यावर होतायत आणि दर वेळी गाडी एकाच प्रश्नावर अडकते, त्याला बोलायचा हक्क होता की नव्हता. माझ्या मते हा प्रश्नच अर्धा आहे. एकाच पोस्टमधल्या एका वाक्याला संविधानाचं पूर्ण संरक्षण असतं आणि त्याच्या खालच्याच ओळीवर गुन्हा नोंद होऊ शकतो, आणि हे वाक्य न् वाक्य वेगळं करून बघितलं नाही तर माणूस एकतर भीतीनं सगळंच मागे घेतो नाहीतर हट्टानं सगळ्यालाच चिकटून बसतो. दोन्हीत त्याचंच नुकसान आणि गावाचंही.

तर गुरुजी. वय ६३, प्राथमिक शाळेतून रिटायर, अर्ध्या गावाला पाढे त्यांनी शिकवलेत, मलाही. देवळामागे डोंगराचा जो उतार आहे तिथे काजूची झाडं होती, ती जागा विकली गेली आणि एका आठवड्यात जेसीबी लावून उताराचा कडा उभा कापला. पहिल्या जोरदार पावसात तांबडी माती सरळ देवळाच्या तळीत आली, पाणी चहासारखं लाल झालं. गुरुजींनी टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग खात्याकडे, म्हणजे आपल्या भाषेत टीसीपीकडे, आरटीआय टाकली होती. उत्तर एका पानाचं आलं, की त्या सर्वे नंबरसाठी कलम १७ए खाली कुठलीही परवानगी दिल्याची नोंद कार्यालयात नाही. गोव्याच्या टीसीपी कायद्यातलं १७ए हे डोंगर कापणी आणि सखल जमीन बुजवणं याच्याबद्दलचं कलम आहे, परवानगीशिवाय दोन्हीला मनाई. म्हणजे कागद गुरुजींच्या हातात होता आणि पक्का होता.

आणि मग रात्री साडेदहाला त्यांनी गावाच्या ग्रुपवर पोस्ट टाकली. मोठी होती, पण कामाची वाक्यं पाच.

पहिलं, अमुक सर्वे नंबरमध्ये परवानगी नसताना डोंगर कापलाय, आरटीआयचं उत्तर आणि फोटो जोडलेत. दुसरं, सरपंचांना सगळं दिसतं फक्त डोंगर दिसत नाही, ही पंचायत आंधळी झाली आहे. तिसरं, आमच्या वॉर्डच्या पंचानं ह्यात दहा लाख खाल्ले. चौथं, पटत नसेल तर त्याच्या बायकोच्या गळ्यातलं नवं सोनं बघा. आणि पाचवं, हे भायले (बाहेरून आलेले) सगळे असलेच, ह्यांना गावात भाड्यानंसुद्धा खोली देऊ नका, दिसले तर हाकला.

सकाळी पोलीस स्टेशनवरून फोन. "मास्तर, सायबान आपयला, मात्शे येवन वचात." म्हणजे साहेबांनी बोलावलंय, जरा येऊन जा. बस एवढंच, कागद नाही, कलम नाही, कोणाची तक्रार आहे ते नाही. गुरुजी सरळमार्गी माणूस, चहा न घेताच निघाले. दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. बाहेर पंचाची माणसं जमली होती आणि आत एकजण समजावणीच्या सुरात सांगत होता की मास्तर, हात जोडून एक व्हिडिओ करा, पोस्ट खोटी होती म्हणा, विषय संपला. फोनही ठेवून जा म्हणाले.

आता इथून कायदा बघूया, आणि मी आधी पोलीस स्टेशनपासून सुरुवात करतो, वाक्यांकडे नंतर येतो, कारण खरा त्रास तिथेच होतो.

पंचाची तक्रार होती बदनामीची. बदनामी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, जुन्या आयपीसीतलं ४९९ आणि ५००. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि नव्या संहितेत समाजसेवेचीही सोय आहे. पण हा गुन्हा अदखलपात्र आहे. म्हणजे पोलिसांनी काय करायचं, तर तक्रार एनसीच्या, म्हणजे अदखलपात्र तक्रारींच्या, वहीत नोंदवायची आणि तक्रारदाराला सांगायचं की मॅजिस्ट्रेटकडे जा. हे नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १७४ मध्ये लिहिलेलं आहे, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस ह्यात तपास करूच शकत नाहीत. आणि बदनामीचा खटला ज्याची अब्रू गेली त्यानं स्वतः कोर्टात तक्रार देऊन चालवायचा असतो, कलम २२२. शिवाय नव्या संहितेच्या कलम २२३ प्रमाणे मॅजिस्ट्रेटनं अशा तक्रारीची दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकायचं असतं, जुन्या कायद्यात ही पायरी नव्हती. म्हणजे बघा, कायद्यानं जाणूनबुजून पोलिसाला ह्या भांडणातून बाहेर ठेवलंय, आणि आपल्याकडे नेमका पहिला फोन पोलिसाचाच येतो.

दुसरं म्हणजे बोलावणं. साक्षीदार म्हणून कोणाला बोलवायचं तर त्याच सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो, आणि त्याच कलमात स्पष्ट म्हटलंय की बाईमाणूस, पंधराच्या आतला मुलगा आणि साठीच्या वरचा पुरुष यांना ते राहतात त्या जागेशिवाय दुसरीकडे हजर राहायला सांगता येत नाही. गुरुजी ६३ वर्षांचे. विचारायचं होतं तर पोलिसांनी त्यांच्या घरी यायला हवं होतं. आरोपी म्हणून बोलवायचं तर कलम ३५ ची नोटीस लागते, आणि जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना बजावलंय की ती व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालणार नाही, कायद्यात सांगितलेल्या पद्धतीनंच द्यायची. मग तोंडी फोन कुठल्या हिशेबात बसतो?

फोन ठेवून जा हेही तसंच. फोन जप्त करायचा तर जप्तीचा पंचनामा लागतो आणि कलम १०५ प्रमाणे त्या प्रक्रियेचं व्हिडिओ रेकॉर्डिंग लागतं. नुसतं टेबलावर ठेवून जा असं काही कायद्यात नाही. गुरुजींनी फोन दिला नाही, ते त्यांना कायदा माहीत होता म्हणून नव्हे, मुलगी दुबईला असते आणि रात्री तिचा कॉल येतो म्हणून.

व्हिडिओबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. जमावासमोर माफी मागायला लावायची ही जी पद्धत आपल्याकडे रुजतेय ती मला फार घातक वाटते. २०२३ मध्ये कळंगुटला एका दुकानदाराला क्रिकेटमध्ये कुठल्या टीमला पाठिंबा देतो यावरून गुडघे टेकायला लावून माफी मागायला लावली होती, तो व्हिडिओ अख्ख्या देशानं बघितला. कुठल्याही कायद्यात अशी माफी नाही. आणि गुरुजींच्या बाबतीत तर ती सरळ सापळाच ठरली असती, कारण पोस्ट खोटी होती असं एकदा कॅमेऱ्यासमोर म्हटलं की डोंगर कापल्याचं वाक्यही खोटं होतं असं ते स्वतःच म्हणाले असते. ज्या वाक्याला कागदाचा आधार आहे तेच त्यांच्या तोंडून मारून टाकायचं, हाच ह्या व्हिडिओचा उपयोग होता. पंचाच्या माणसांना सोन्याच्या वाक्याचा राग होता, पण जागेच्या मालकाला भीती होती ती पहिल्या वाक्याची.

आता वाक्यं.

पहिल्याबद्दल फार बोलायची गरज नाही. ते खरं आहे, कागद जोडलाय, आणि डोंगर, तळी, पाणी हा सगळ्या गावाचा विषय आहे. कलम ३५६ ला दहा अपवाद आहेत आणि पहिलाच हा, की गोष्ट खरी असेल आणि ती सांगणं लोकहिताचं असेल तर ती बदनामी होत नाही. दोन्ही पाहिजे हं, नुसतं खरं असून पुरत नाही फौजदारीत, लोकहितही लागतं. इथे दोन्ही आहे. हे वाक्य एक अक्षरही न बदलता राहायला हवं होतं आणि राहिलं.

दुसरं, पंचायत आंधळी झाली. हे मत आहे, झोंबणारं आहे, पण सरपंच हे पद आहे आणि पदावरच्या वागणुकीबद्दल प्रामाणिकपणे व्यक्त केलेलं मत हा दुसरा अपवाद. १९९४ च्या ऑटो शंकर प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ह्याच्याही पुढे जाऊन म्हटलं की सरकारी पदावरच्या माणसाला त्याच्या कामाबद्दलच्या टीकेवरून नुकसानभरपाई मागता येत नाही, जोपर्यंत लिहिणाऱ्यानं खरंखोटं न बघता बेदरकारपणे खोटं छापलं असं तो सिद्ध करत नाही. सरपंच म्हणून निवडून आलात तर एवढं सोसावं लागतं. सरपंचबाईंनी तक्रार केलीही नाही, दुसऱ्या दिवशी बाजारात गुरुजींना भेटल्या तेव्हा म्हणाल्या, गुरुजी, आंधळी म्हणालात ते ठीक, पण मला पण पंचायतीत एकच मत आहे. मला त्यांचं हे वागणं आवडलं.

तिसरं वाक्य खरं अडचणीचं. दहा लाख खाल्ले हे मत नाही, ही घडलेली गोष्ट म्हणून सांगितलेली आहे, आकड्यासकट. गुरुजींना कुठून कळलं विचारलं तर म्हणाले, नाक्यावर सगळे बोलतात. लोक इथे वाद घालतात की पण भ्रष्टाचारावर बोलायचं नाही का, पंच पण सरकारी पदावरच आहे ना. बोलायचं, नक्की बोलायचं, पण अपवादाचा फायदा घ्यायचा असेल तर तो लागू होतो हे दाखवायची जबाबदारी बोलणाऱ्यावर असते, आणि सद्भावना याचा संहितेतला अर्थ नुसतं मन साफ असणं असा नाही, योग्य ती काळजी घेऊन आणि लक्ष देऊन केलेली कृती असा आहे. नाक्यावर ऐकलेलं तसंच पुढे ढकललं ह्यात कसली काळजी? ऑटो शंकरचं संरक्षणही इथे पातळ होतं कारण तिथे अट हीच आहे की खरंखोटं बघायचा रास्त प्रयत्न केला पाहिजे.

पण ह्याच वाक्यात एक गोष्ट आहे जी मला ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते. कलम ३५६ चा आठवा अपवाद म्हणतो की ज्याला त्या विषयात अधिकार आहे अशा व्यक्तीकडे सद्भावनेनं केलेला आरोप ही बदनामी नाही. म्हणजे गुरुजींनी हेच, की परवानगी नसताना काम चालू आहे, पंचायत थांबवत नाही, पैशांची देवाणघेवाण झाल्याचा संशय आहे, चौकशी करा, असं दक्षता खात्याच्या लाचलुचपत विभागाला लेखी दिलं असतं तर ते कितीतरी सुरक्षित होतं. आणि ग्रुपवर त्यांनी प्रश्न विचारला असता, की टीसीपीची परवानगी नाही तर पंचायतीनं काम थांबवायची नोटीस का काढली नाही, आमच्या पंचांनी ह्यावर पंचायतीच्या बैठकीत काय भूमिका घेतली, तर पंचाला उत्तर द्यायला लागलं असतं. दहा लाख म्हटल्यावर उत्तर द्यायची गरजच राहिली नाही, तो थेट पोलिसात गेला आणि दोन आठवडे गावात डोंगर सोडून दहा लाखांवरच चर्चा. आरोप जेवढा मोठा तेवढी समोरच्याला पळायला वाट मोठी, हे मी गावच्या राजकारणात पुन्हा पुन्हा बघितलंय.

बदनामी गुन्हा असावी का हा वेगळा वाद आहे. माझं मत विचाराल तर नसावी, दिवाणी दावा पुरे. सुप्रीम कोर्टानं मात्र १३ मे २०१६ ला सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात ते कलम वैध ठरवलं, कारण अब्रू हासुद्धा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं कोर्टानं म्हटलं. मला निकाल पटत नाही तरी त्यातला एक मुद्दा पटतो, की पंचालाही हक्क आहेत. छोट्या गावात दहा लाख खाल्ले हे वाक्य त्याच्या पोरांना शाळेत ऐकावं लागतं.

आणि म्हणूनच चौथं वाक्य. बायकोच्या गळ्यातलं सोनं. ती बाई पंच नाही, पदावर नाही, डोंगराशी तिचा संबंध नाही. तिच्या गळ्यात काय आहे, ते माहेरचं आहे की कर्ज काढून केलंय, हे गावानं बघायचं कारणच नाही. ऑटो शंकरच्याच निकालात दुसरी बाजू आहे, की माणसाला आपलं घर, कुटुंब, लग्न, मुलं ह्याबाबतीत एकटं सोडलं जायचा हक्क आहे, आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी निकालात खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. ह्या वाक्यावर खटला उभा राहिला असता का हा भाग सोडा, हे लिहायला नको होतं. मी गुरुजींना तसं तोंडावर सांगितलं. ती बाई नंतर कित्येक दिवस देवळात यायची बंद झाली होती, आणि त्याची जबाबदारी पोलिसांची नव्हती, गुरुजींचीच होती.

पाचव्या वाक्यावर गावात सगळ्यात कमी चर्चा झाली आणि कायद्याच्या नजरेतून तेच सगळ्यात गंभीर. भायले हा शब्द आपल्याकडे रोजचा आहे म्हणून कोणाला काही वाटलंच नाही. पण न्याय संहितेचं कलम १९६, जुनं १५३ए, हे फक्त धर्म आणि जातीपुरतं नाही. त्यात जन्मस्थान, राहण्याची जागा आणि भाषा हेही आहे. ह्या कारणांवरून गटागटांत शत्रुत्व पसरवणं हा दखलपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पोलीस स्वतःहून गुन्हा नोंदवू शकतात. किंबहुना २८ एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना सांगितलंय की द्वेषमूलक भाषणाबद्दल तक्रारीची वाट न बघता गुन्हा नोंदवा. म्हणजे परिस्थिती अशी उलटी झाली होती की ज्या वाक्यात पोलिसांना हात घालता येत नव्हता त्यासाठी गुरुजींना बाकावर बसवलं होतं, आणि ज्या वाक्यात घालता येत होता ते कोणी वाचलंच नव्हतं!

पण म्हणून १९६ लागलंच असतं असंही नाही, आणि इथे घाई करू नये. ह्या कलमाची चाचणी कडक आहे. २०२१ मध्ये शिलाँगच्या संपादक पॅट्रिशिया मुखिम यांच्या फेसबुक पोस्टवरचा गुन्हा सुप्रीम कोर्टानं रद्द केला, त्या पोस्टमध्येही विषय स्थानिक आणि बाहेरचे हाच होता, पण बिगर आदिवासी मुलांवर हल्ला झाला त्यांना न्याय द्या असं त्या म्हणत होत्या. गुरुजींचं वाक्य नेमकं दुसऱ्या दिशेला जातं. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाचं प्रकरण, व्हॉट्सॲप स्टेटसवर ५ ऑगस्ट (काश्मीरचं ३७० हटवल्याचा दिवस) हा काळा दिवस म्हटलं म्हणून आणि पाकिस्तानला १४ ऑगस्टच्या शुभेच्छा दिल्या म्हणून १५३ए. बॉम्बे हायकोर्टानं गुन्हा रद्द करायला नकार दिला होता, सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी तो रद्द केला. तिथे त्यांनी जुनी चाचणी पुन्हा सांगितली, जी नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांची आहे, की शब्दांचा परिणाम खंबीर आणि समंजस माणसाच्या नजरेतून मोजायचा, हरेक टीकेत धोका बघणाऱ्या कमकुवत मनाच्या माणसाच्या नजरेतून नाही. आणि २८ मार्च २०२५ ला इम्रान प्रतापगढी प्रकरणात कोर्टानं असंही म्हटलं की तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गटातला भाषणाचा गुन्हा असेल तर सुरक्षा संहितेच्या कलम १७३ च्या पोटकलम ३ प्रमाणे आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य. ती चौकशी डीवायएसपींच्या परवानगीनं चौदा दिवसांत संपवायची असते. ही तरतूद नवी आहे आणि बोलणाऱ्याच्या फार कामाची आहे.

मग गुरुजींचं पाचवं वाक्य कुठे बसतं? सरकारी धोरणावर राग काढला असता, की बाहेरच्या बिल्डरांना डोंगर विकू देऊ नका, ग्रामसभेत ठराव घ्या, जमीन रूपांतरावर बंदी आणा, तर ते शंभर टक्के संरक्षित बोलणं होतं, गोव्यात हा विषय पेटलेला आहे आणि पेटायलाच हवा. टीसीपी कायद्याच्या कलम १७(२) चे, म्हणजे जमिनीचा झोन बदलून देणारे, नियम मार्च २०२५ मध्ये आपल्याच हायकोर्टानं पर्वरीत रद्द केले ते लोक बोलले, कोर्टात गेले म्हणूनच. पण खोली देऊ नका, दिसले तर हाकला, हे धोरण नाही, हे माणसांबद्दल आहे. डोंगर कापणारा जमीनमालक दिल्लीला बसलाय, आणि गावात भाड्याच्या खोलीत राहणारे ते जेसीबीवरचा हेल्पर, बेकरीतला पोऱ्या आणि मासळी साफ करणाऱ्या बाया. हाकलले असते तर तेच. २०२० च्या अमिश देवगण निकालात कोर्टानं सांगितलंय की बोलणारा कोण आहे हेही बघायचं, ज्याचा लोकांवर प्रभाव आहे त्याच्यावर जबाबदारी जास्त. गुरुजींनी अर्ध्या गावाला शिकवलंय. दुसऱ्या कोणी हे वाक्य लिहिलं असतं तर स्क्रोल झालं असतं, गुरुजींनी लिहिल्यावर त्याच रात्री दोन पोरं बेकरीसमोर जाऊन ओरडून आली.

आणखी एक प्रयत्नही झाला जो थोडक्यात सांगतो. पोस्टमध्ये देवस्थान समितीचे लोक गप्प का असंही होतं, त्यावरून कोणीतरी धार्मिक भावना दुखावल्याचा अर्ज दिला, न्याय संहितेचं कलम २९९. ते टिकण्यासारखं नव्हतंच. जुनं २९५ए सुप्रीम कोर्टानं १९५७ मध्ये रामजीलाल मोदी प्रकरणात वैध ठरवलं ते ह्याच आधारावर की ते फक्त हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीनं केलेल्या धर्माच्या अपमानाला लागतं. समितीच्या माणसांना प्रश्न विचारणं म्हणजे देवाचा अपमान नव्हे, समितीतले महाजन म्हणजे देव नाही.

हे पाच तुकडे वेगळे का करावे लागतात ते संविधानातच आहे. कलम १९(१)(क) बोलायचा हक्क देतं आणि १९(२) त्याच्या मर्यादांची यादी देतं. देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. एवढीच कारणं, यादीबाहेरचं चालत नाही. लोकांना राग आला हे कारण यादीत नाही, गावाची बदनामी झाली हे नाही, पंचायतीचा मूड गेला हेही नाही. २०१४ साली हे चित्र वेगळं होतं, तेव्हा आयटी कायद्याचं ६६ए होतं ज्यात नुसता त्रास झाला म्हणूनही अटक व्हायची, आणि गोव्यातल्याच एका जहाजबांधणी इंजिनियरवर निवडणुकीच्या काळात फेसबुक पोस्टवरून ६६ए, १५३ए, २९५ए अशी कलमं लावली होती, त्याला अटकपूर्व जामिनासाठी कोर्टात जावं लागलं. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल निकालात ६६ए गेलं. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी ह्यात कोर्टानं तेव्हा फरक केला, पहिल्या दोन्ही कितीही नकोशा वाटल्या तरी संरक्षित, चिथावणीपर्यंत पोचल्यावरच रोखता येतं. गुरुजींची पहिली दोन वाक्यं चर्चा आहेत, पाचवं चिथावणीच्या उंबऱ्यावर उभं आहे.

आता पुढे काय झालं. म्हापशाच्या वकीलबाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी पोस्ट प्रिंट करून घेतली आणि स्केलनं प्रत्येक वाक्याखाली रेघ मारली. दोन रेघा हिरव्या, तीन लाल. मग गुरुजींकडून तीन कामं करून घेतली. चौथं आणि पाचवं वाक्य काढून त्याच ग्रुपवर लेखी खेद, पंचाच्या पत्नीची आणि गावात राहणाऱ्या कामगारांची स्पष्ट माफी, व्हिडिओ नाही, जमाव नाही, आणि पहिल्या दोन वाक्यांबद्दल एक शब्दही नाही. तिसऱ्याबद्दल, ती रक्कम माझ्याकडे पुराव्यानिशी नाही, म्हणून विधान मागे घेतो, चौकशीची मागणी कायम. आणि पोलीस स्टेशनला इनवर्ड करून पत्र, की काही विचारायचं असेल तर लेखी आदेश द्या, माझं वय ६३ आहे, जबाब घरी घ्या. पत्रानंतर फोन बंद झाले. बदनामीची तक्रार एनसी म्हणून नोंद झाली. एक हवालदार घरी येऊन जबाब घेऊन गेला, सभ्यपणे बोलला, चहा पिऊन गेला. १९६ चा गुन्हा नोंद झाला नाही, माफी आधीच आली होती आणि बेकरीच्या मालकानं तक्रार नको म्हणून सांगितलं.

ग्रुपचा ॲडमिन, पंचवीसेक वर्षांचा पोरगा, इतका घाबरला की त्यानं ग्रुपच डिलीट केला. घाबरायचं कारण नव्हतं. १ मार्च २०२१ ला बॉम्बे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलंय की सदस्यानं काही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप जबाबदार होत नाही, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दाखवावा लागतो. गोवा त्याच हायकोर्टाखाली येतं, त्यामुळे तो निकाल इथेही लागू. ग्रुप डिलीट करून त्यानं उलट गुरुजींचा पुरावाच घालवला असता, नशीब काहींनी स्क्रीनशॉट ठेवले होते.

ग्रामसभेत मग एकानं सूचना मांडली की पंचायतीच्या कारभाराबद्दल काहीही टाकायचं तर आधी पंचायत सचिवाला दाखवून मंजुरी घ्यावी, तसा ठराव करा. हे ऐकून मला खरंच धक्का बसला. पणजीत अठरा जून रस्त्यावर आपण खरेदीला जातो, तो अठरा जून म्हणजे १९४६ चा, ज्या दिवशी मडगावात परवानगीशिवाय सभा घ्यायला बंदी असताना डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, आणि मागणी नेमकी हीच होती, नागरी स्वातंत्र्याची, आधी परवानगी मग तोंड उघडा ह्या पोर्तुगीज नियमाविरुद्ध. छापायच्या आधी सेन्सॉरला दाखवायचं हे गोव्यानं पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या काळात भोगलंय. आणि कायद्यानंही हे चालत नाही, १९(२) ची मर्यादा कायद्यानंच घालता येते, नुसत्या आदेशानं किंवा सूचनेनं नाही, हे केरळच्या राष्ट्रगीत प्रकरणात, बिजॉय इमॅन्युएल, १९८६, कोर्टानं स्वच्छ सांगितलंय. ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. हां, ॲडमिननं स्वतःच्या ग्रुपात कोणाला ठेवावं कोणाला काढावं तो त्याचा प्रश्न, तिथे कलम १९ दाखवून भांडायला जाऊ नका, खाजगी ग्रुप म्हणजे सरकार नाही. ठराव पडला, सरपंचबाईंनीच विरोध केला.

जमीनमालकाची वकील नोटीस मात्र आली, काही लाखांची भरपाई मागणारी, आणि पोस्ट काढली नाही तर मनाईचा दावा करू अशी धमकी. तो दावा खरंच झाला तरी लगेच एकतर्फी मनाई मिळणं सोपं नाही, मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग आणि झी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं कनिष्ठ कोर्टांना सांगितलंय की सुनावणीआधीच लेख काढायला लावणं अपवादानंच करावं, आणि पैसेवाल्यांनी लोकांना गप्प करायला दावे घालायचे ह्या प्रकाराचीही दखल त्यात घेतली. आपल्याकडे असल्या दाव्यांविरुद्ध वेगळा कायदा नाही आणि तो व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे, कारण रिटायर मास्तरला म्हापसा कोर्टाच्या तारखा आणि वकिलाची फी हीच शिक्षा असते, निकाल काहीही लागो. नोटिशीला उत्तर दिलंय, दोन ओळींचं, की पहिलं विधान सरकारी कागदावर आधारलेलं आहे आणि ते मागे घेतलं जाणार नाही.

टीसीपीची माणसं येऊन जागेची पाहणी करून गेली, काम बंद आहे, कापलेला कडा तसाच उघडा आहे आणि तळीतला गाळ गावकऱ्यांनी श्रमदानानं काढला. बदनामीच्या दिवाणी दाव्याची मुदत एक वर्षाची असते, ती संपेपर्यंत नोटिशीचा धोका आहे. गुरुजींनी आरटीआयचं मूळ उत्तर, स्क्रीनशॉट, खेदाची पोस्ट आणि पोलीस स्टेशनचा इनवर्ड शिक्का असलेलं पत्र एका फायलीत लावून ठेवलंय, आणि पंचायतीच्या त्या काळातल्या बैठकांची इतिवृत्तं मिळावीत म्हणून नवी आरटीआय टाकली आहे, ती आली की तिसऱ्या वाक्याचं जे काही होईल ते लाचलुचपत विभागाकडच्या अर्जात लिहायचं ठरलंय.